रिकाम्या खिशाचा प्रवासी : धर्मानंद कोसंबी

पाठीवर एक पिशवी अडकवून, मोजक्या पैशांत आशिया खंड हिंडून येणाऱ्या तरुणांची आज मोठी संख्या आहे. स्वस्त गाडी कोणती, रात्री पाठ कुठे टेकावी, पोटाला काय घालावे, याचा त्यांना रोज विचार करावा लागतो. हा विचार आपल्यापैकी अनेकांना घर न सोडताही करावा लागतो, ही गोष्ट निराळी! परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी तरुण असाच रिकाम्या खिशाने बाहेर पडला आणि काशी, नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश असा फिरला. तो स्थळे पाहायला निघाला नव्हता. त्याला विद्या हवी होती, आणि ती त्याच्या गावात मिळत नव्हती. पुढे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित म्हणून प्रसिद्धीस आलेले धर्मानंद दामोदर कोसंबी ते हेच.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची माडांची बागाईत होती. शिक्षण झाले ते गावातले थोडेसे मराठी. कॉलेज तर राहोच, इंग्रजी शाळेचेही तोंड त्यांनी पाहिले नाही. लहान वयात, १८९१ साली, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढील आयुष्य माडांना पाणी घालण्यात आणि घरप्रपंच सांभाळण्यात जायचे, हे जणू ठरून गेले होते. परंतु त्यांना वाचनाचा नाद होता. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून समजून घ्यावा या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्यांची मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. प्रथम ते पुण्यास आले. बुद्धाचा धर्म समजायचा तर आधी संस्कृत यायला हवे, म्हणून त्यांनी डॉ. रा. गो. भांडारकरांची भेट घेतली. पुण्यात काही काळ काढून ते उत्तरेस निघाले आणि ग्वाल्हेरमार्गे १९०० साली काशीस पोहोचले.

खिशात पैसा नसताना काशीसारख्या दूरच्या शहरी एखादा तरुण महिनोन् महिने राहतो, हे कसे शक्य झाले? त्याचे उत्तर अन्नछत्रात आहे. राजेरजवाडे आणि सावकार यांनी चालविलेल्या या छत्रांत संस्कृत शिकणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्यांना जेवण मिळे. शास्त्री फी न घेता पाठ देत. धर्मानंदांनी छत्रातल्या जेवणावर दिवस काढले आणि व्याकरणाचा अभ्यास केला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे जेवण फुकट असले, तरी सर्वांसाठी नव्हते. धर्मानंदांच्या इतकीच ज्ञानाची भूक असलेला एखादा कुणब्याचा किंवा महाराचा मुलगा त्या काळी काशीस गेला असता, तर छत्राचे दार त्याला उघडले नसते. म्हणजे काशीतले ते स्वस्त जिणे धर्मानंदांच्या जिद्दीवर जितके उभे होते, तितकेच त्यांच्या जन्मावरही उभे होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना मी या जागी बराच वेळ थांबलो. मोठ्यांची थोरवी मानावी. पण त्यांच्यासाठी कोणती दारे मुळातच उघडी होती, हेही पाहावे.

काशीत संस्कृत मिळाले, पण बुद्ध कुठे भेटेना. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे कळल्यावर १९०२ च्या आरंभी ते नेपाळला निघाले. त्या काळी काठमांडूला जायला मोटाररस्ता नव्हता. तो १९५६ साली झाला. रक्सौलच्या पुढे तराईचे रान, नंतर भीमफेदी आणि चंद्रागिरीच्या उभ्या चढणी, आणि मग ते खोरे. श्रीमंत माणसे भोयांच्या खांद्यावरून जात, गरिबांना आपले पायच उपयोगी पडत. एवढे कष्ट करून काठमांडूत पोहोचल्यावर त्यांच्या पदरी निराशा आली. स्तूप होते, पूजा होती; परंतु बुद्धाचा उपदेश मुळातून शिकवील असा गुरू काही मिळाला नाही. दुसरा कोणी तिथूनच गावची वाट धरता. धर्मानंद बुद्धगयेला गेले. पाली शिकायची असेल तर सिलोनला गेले पाहिजे, असे तेथील भिक्षूकडून त्यांना समजले.

बुद्धगयेहून कलकत्ता आणि तेथून सिलोन! हातात पैसा नव्हता, पण कलकत्त्यात महाबोधी सभेच्या मंडळींचा आधार मिळाला. त्या वेळी सिलोनला जाणारा माणूस आगगाडीने मद्रासवरून तुतिकोरीनला जाई आणि तेथून बोटीने कोलंबोस उतरे. कोलंबोचे विद्योदय विद्यालय १८७३ साली सुमंगलाचार्यांनी स्थापन केले होते. हे आचार्य संस्कृतचेही मोठे जाणकार. सिंहली भाषेचा गंध नसलेल्या गोव्याच्या या तरुणाला काशीत कमावलेले संस्कृत येथे उपयोगी पडले. १९०२ सालीच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

दीक्षेबरोबर त्यांच्या प्रवासाची तऱ्हाही बदलली. भिक्षूने सोन्यारुप्याला हात लावायचा नाही. सकाळी पात्र घेऊन भिक्षेला जायचे, माध्यान्हीच्या आत जेवायचे, रात्री विहारात किंवा झाडाखाली राहायचे. गाडीचे किंवा बोटीचे तिकीट कोणी श्रद्धावंताने काढून दिले तर जायचे, नाही तर चालायचे. कोलंबोपासून मंडालेपर्यंत विहारांची अशी साखळी पसरली होती की, चीवरधारी माणसाला परक्या मुलुखातही छप्पर आणि घास मिळे. आणि विहाराच्या दारात जात विचारण्याचा धर्माने घालून दिलेला नियम नव्हता, हा काशीच्या छत्राहून फार मोठा फरक!

अर्थात हालही पुष्कळ झाले. सिलोनचे अन्न मानवले नाही, प्रकृती बिघडली, म्हणून ते १९०३ साली मद्रासला आले. तेथून ब्रह्मदेश गाठला आणि भिक्षुसंघात राहून अध्ययन केले. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत. म्हणजे देश बदलला की तोच ग्रंथ वाचायला नवी अक्षरे गिरवायची! पंचविशी उलटलेल्या माणसाने हे मुळाक्षरांपासून केले. मधल्या काळात उत्तर हिंदुस्थानात परतून लुंबिनी, कुशिनारा आदी बुद्धस्थानेही त्यांनी पाहिली, त्यांतली बरीच वाट पायी तुडवून.

१९०६ साली ते परतले, चीवर उतरवले, आणि कलकत्त्यात पालीचे अध्यापन करू लागले. सुमारे सात वर्षे ते घराबाहेर होते. या सात वर्षांचा जमाखर्च मांडायचा तर खर्चाच्या बाजूला रुपये फार थोडे निघतील. पण बाळाबाईंची सात वर्षे मांडावी लागतील. तान्ह्या मुलीला घेऊन, नवरा कोणत्या देशी आहे याची धड कल्पना नसताना, त्यांनी ती काढली. स्वस्त प्रवासाचे असे काही मोल दुसऱ्याच कोणाला द्यावे लागते. धर्मानंदांची महती यामुळे कमी होत नाही, परंतु बाळाबाईंचे नाव त्या महतीत घातल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

मिळवलेले ज्ञान त्यांनी मराठी मुलुखात आणले. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेस बोलावले. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस पुढे एकूण चार वेळा तेथे गेला. १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९१८ साली अमेरिकेस जाताना माणिक आणि मुलगा दामोदर यांना शिक्षणासाठी बरोबर नेले. दामोदर म्हणजेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून गाजलेले डी. डी. कोसंबी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात धर्मानंदांनी भाग घेतला, तुरुंगवास सोसला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. काशीच्या छत्राने ज्यांना दार उघडले नसते, त्यांच्या वस्तीत जाऊन हे दार त्यांनी उघडले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. अंत्यविधी कमीत कमी खर्चात व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. दुसरी इच्छा आपल्यासारख्यांच्या उपयोगाची होती : इथल्या विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठी सिलोनला पाठविण्याची सोय व्हावी.

विद्यार्थी मित्रहो, लोकांच्या मदतीवर ज्याने सिलोन गाठले, त्याला शेवटी पुढच्या विद्यार्थ्याच्या वाटखर्चाची काळजी होती. आपल्यातले काही जण उद्या शिकून दूर जातील. जाताना कोणाचा घास घेऊन गेलो हे लक्षात ठेवावे, आणि परतल्यावर मागून येणाऱ्या एकाचे तरी तिकीट काढावे.