कीटकसृष्टीची चित्रकर्ती : मारिया मेरियन

आमच्या शाळेच्या बागेत कढीलिंबाचे एक झाड आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर पाखरांच्या विष्ठेसारखे दिसणारे काही ठिपके आम्हांस आढळले. ती घाण समजून आम्ही पाने तोडून टाकणार होतो. पण भिंग लावून पाहिले, तो ते फुलपाखराचे सुरवंट निघाले! आज कॅमेऱ्यास विशेष भिंग जोडून अशा इवल्या जीवांची छायाचित्रे घेता येतात. परंतु छायाचित्रणकला जन्मास येण्यापूर्वी सुमारे दीड शतक, भिंग व कुंचला यांच्या साहाय्याने हेच कार्य एका स्त्रीने केले. तिचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

मारिया सिबिला मेरियन यांचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी झाला. वडील प्रसिद्ध ताम्रपट-कोरक होते. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते निवर्तले. पुढे आईने पुष्पचित्रकार याकोब मारेल यांच्याशी विवाह केला आणि या सावत्र पित्याकडून मुलीस चित्रकलेचे धडे मिळाले. वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. अंडे, अळी, कोश व पतंग ही स्थित्यंतरे पाहून तिचे मन त्या विषयात कायमचे गुंतले.

त्या काळी किडे चिखलातून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. मेरियनबाई वादात पडल्या नाहीत. त्या पाहत राहिल्या. संसार व दोन मुलींचे संगोपन सांभाळून त्यांनी घरी पेट्यांत सुरवंट वाढविले. कोणता सुरवंट कोणते पान खातो याची नोंद ठेविली, कारण योग्य पाला न मिळाल्यास तो मरतो. कधी कोशातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडत. हे परोपजीवी कीटकांचे कृत्य होय, हे आज आपण जाणतो. त्यांस याचा उलगडा झाला नाही, तरी दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे टिपून ठेविले. १६७९ साली त्यांचा सुरवंटांवरील ग्रंथ ५० ताम्रपट-चित्रांसह प्रसिद्ध झाला. १६८३ साली दुसरा भाग निघाला. अंड्यापासून पतंगापर्यंतच्या अवस्था त्यांच्या खाद्य वनस्पतीसह एकाच चित्रात दाखविणे, हा त्यांचा विशेष होता.

१६९१ साली त्या ॲमस्टरडॅम येथे आल्या. तेथील धनिकांच्या संग्रहांत दूरदेशीचे सुंदर कीटक होते. पण ते मृत! ते काय खातात, कशापासून होतात, हे कोण सांगणार? अखेर आपली चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, धाकटी कन्या डोरोथिया हिला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामची वाट धरली. तेथील मळेवाल्यांस साखरेवाचून काही सुचत नसे. ते त्यांचा उपहास करीत. अरण्यात वाट काढून देणारे व वनस्पतींची माहिती सांगणारे होते ते गुलाम आणि मूळ रहिवासी. त्यांचे साहाय्य बाईंनी नमूद केले. त्यांची नावे मात्र ग्रंथात आली नाहीत, याची खंत वाटते. तापाने जर्जर होऊन १७०१ साली त्या परतल्या. १७०५ साली साठ चित्रांचा सुरिनामच्या कीटकांवरील महाग्रंथ प्रकाशित झाला. पुढे लिनियस याने अनेक कीटकांच्या वर्णनास त्यातील चित्रांचा आधार घेतला.

१३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. परंतु त्यांची परीक्षा पुढेच व्हावयाची होती. एका चित्रात मोठा कोळी गुंजनपक्ष्यास भक्षीत असल्याचे त्यांनी दाखविले होते. एकोणिसाव्या शतकातील काही विद्वानांनी ती भाकडकथा ठरविली. त्या चित्रात दोष नव्हता असे नाही. घरट्यात चार अंडी होती आणि हा पक्षी बहुधा दोनच घालतो. तथापि १८६३ साली हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने, ॲमेझॉनच्या अरण्यात पक्ष्यांस मारणारा कोळी आपण प्रत्यक्ष पाहिल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या मुख्य गोष्टीत बाई खऱ्या ठरल्या.

कढीलिंबावरील ते सुरवंट आम्ही तसेच राहू दिले. काही दिवसांनी त्यांपैकी एकाचे फुलपाखरू झालेले आम्ही पाहिले. तेव्हा वाटले, घाईने तोडलेल्या एका पानाबरोबर आपण केवढे ज्ञान फेकून देणार होतो!