हमीदा बानू : १ मिनिट ३४ सेकंदांत वडोदरा जिंकलेली पैलवान

४ मे २०२४ रोजी ज्यांनी मोबाईलवर गुगल उघडलं, त्यांना एका भारदस्त बाईचं रंगीत चित्र दिसलं असेल. बहुतेकांनी ते पाहिलं आणि पुढं सरकले. ती बाई होती हमीदा बानू. त्यांच्या नावावर कधीकाळी वडोदरा, मुंबई, पुणे, कोल्हापूरचे आखाडे गाजले, आणि बिघडलेसुद्धा. सीमाभागात आणि वडोदऱ्यात आपला पोर्टल वाचणाऱ्या कुस्तीशौकिनांना ही गोष्ट माहीत असायलाच हवी, कारण ती बरीचशी आपल्याच भागात घडली आहे.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. कुस्ती शिकायला त्या अलीगढला आल्या आणि सलाम पैलवान हे त्यांचे वस्ताद झाले. बाईमाणसानं लाल मातीत उतरायचं नाही, असा तो काळ. तालमीत बायकांना पाऊल टाकायला बंदी, आणि ही मुलगी लंगोटवाल्यांबरोबर जोर-बैठका काढायची. पुढं अलीगढचं नाव त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं.

उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. खुराकाचे आकडे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत चवीनं छापून यायचे. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, दोन लिटरच्या आसपास फळांचा रस, एक कोंबडी, मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव आणि दोन प्लेट बिर्याणी. रोज सहा तास मेहनत, नऊ तास झोप. आपल्याकडच्या पैलवानांचा खुराक ज्यांनी जवळून बघितलाय, त्यांना यात फार नवल वाटणार नाही. नवल एवढंच, की हे एका बाईचं वेळापत्रक होतं.

मुंबईतले २० हजार

१९४४ साली मुंबईत हमीदा बानू आणि गुंगा पैलवान यांची जोड ठरली. बघायला २० हजारांच्या आसपास लोक जमले. पण ऐनवेळी गुंगानं जास्त पैसे मागितले, तयारीला वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. तिकीट काढून आलेली माणसं खवळली आणि त्यांनी मैदानात मोडतोड केली.

आम्ही कॉमर्सवाले, त्यामुळं या प्रसंगात आधी हिशोब दिसतो. एका बाईच्या नावावर २० हजारांची गर्दी खेचता येते, हे ठेकेदारांना त्या दिवशी कळलं. तिथून पुढं हमीदा बानू म्हणजे मोठ्या गल्ल्याचं मैदान, हे गणित पक्कं झालं. आज टीव्हीवर पैसे भरून जी कुस्ती बघतात, तिचंही गणित हेच. मात्र त्या अमेरिकी कंपनीला केवळ महिलांचा पहिला मोठा कार्यक्रम करायला २०१८ साल उजाडलं, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या रेसलमेनियात महिलांची कुस्ती शेवटची, म्हणजे मानाची, ठेवायला २०१९. आपल्याकडं एका बाईच्या नावावर मैदान भरत होतं, त्याला तेव्हा ७५ वर्षं होऊन गेली होती.

वडोदऱ्याचं मैदान

फेब्रुवारी १९५४ मध्ये, तिशी ओलांडलेल्या हमीदा बानूंनी जाहीर करून टाकलं की, जो पुरुष मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. हा पैज होता, जाहिरात होती की दोन्ही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण या घोषणेनंतर पतियाळाचा एक आणि कोलकात्याचा एक, असे दोन नावाजलेले पैलवान त्यांनी पाडले. मे महिन्यात त्या वडोदऱ्याला आल्या. तोवर आपण ३०० च्या वर कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

वडोदरा म्हणजे गायकवाडांचं गाव. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव. कुस्ती-मल्लखांबाची जाण असलेली मराठी वस्ती तिथं पिढ्यान् पिढ्या नांदतेय. अशा गावात गाड्यांवर पोस्टर लावून कुस्तीची जाहिरात फिरली. समोर उतरणार होता महाराजांच्या आश्रयातला छोटा गामा. पण त्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं, बाईशी कुस्ती धरणार नाही म्हणाला. मग बाबा पैलवान उभा राहिला.

कुस्ती चालली १ मिनिट ३४ सेकंद. आपल्या मैदानात एवढ्या वेळात हलगीवाल्याचा हातसुद्धा गरम होत नाही. बाबा पैलवान चितपट झाला. पंचांनी तो लग्नाच्या शर्यतीतून बाद झाल्याचं सांगून टाकलं. ही आपली शेवटची कुस्ती, असं बाबा पैलवानानंही तिथंच जाहीर केलं. ही बातमी परदेशी वृत्तसंस्थेनं जगभर पाठवली.

पुण्यात विरोध, कोल्हापुरात दगड

पण सगळीकडं फेटे उडाले नाहीत. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याबरोबर ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द करावी लागली. कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी याला पाडलं, तर लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही कुस्ती खोटी आहे, असं लोकांचं म्हणणं होतं.

कोल्हापूरचा प्रेक्षक नुरा कुस्ती लांबून ओळखतो, हे आपण बेळगाव-निपाणीची माणसं जाणतोच. त्यामुळं त्या संशयाला अगदीच आधार नव्हता असं म्हणता येत नाही. त्या काळी या मैदानांत करमणुकीचा भाग मोठा होता. एकदा तर हमीदा बानूंच्या कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा अशी जोड लावली होती, आणि आंधळ्याचा दात दुखतो म्हणून ती सोडून द्यावी लागली. दुसरीकडं, त्या पुरुष पैलवानांसारख्याच लढायच्या, असंही लिहून ठेवलेलं आहे.

कुस्त्यांवर बंदी येऊ लागली तेव्हा हमीदा बानूंनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं तक्रार केली. तेव्हा वडोदरा, पुणे, कोल्हापूर आणि आपलं बेळगाव, सगळं एकाच मुंबई राज्यात होतं. देसाईंनी कळवलं की, बाई म्हणून बंदी नाही, ठेकेदार त्यांच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. नुरा कुस्त्या पुरुषांच्याही व्हायच्या, आजही होतात. तिथं लोक शिव्या घालून घरी जातात आणि पुढच्या मैदानाला परत येतात. नकली पैलवान उभे केले असतील तर ते ठेकेदारांनी. दगड मात्र झेलले बाईनं.

युरोपची वाट आणि मोडलेले हात

१९५४ सालीच मुंबईत त्यांनी रशियाच्या वेरा चिस्तिलिन हिला मिनिटभराच्या आत हरवलं. युरोपात जाऊन तिकडच्या पैलवानांशी लढायची तयारीही त्यांनी दाखवली. आणि इथंच त्यांचं नाव वर्तमानपत्रांतून जवळजवळ नाहीसं होतं.

का, ते घरच्यांनी पुढं सांगितलं. सलाम पैलवानांना त्यांचं युरोपला जाणं मान्य नव्हतं. नातवाच्या सांगण्यानुसार, त्यांना थांबवण्यासाठी सलाम यांनी मारहाण करून त्यांचे हात मोडले. पायही मोडले होते, काठीच्या आधारानं त्या कशाबशा चालायच्या, असं शेजारी राहिलेल्या एकानं सांगितलं. दोघांचं लग्न झालं होतं का, यावर घरातच दोन मतं आहेत. पुढं सलाम अलीगढला परतले, हमीदा बानू कल्याणला राहिल्या. दुधाचा धंदा केला, खोल्या भाड्यानं दिल्या. पैसे संपले तेव्हा घरी खाद्यपदार्थ करून रस्त्यावर विकले. १९८६ साली त्या गेल्या.

त्यांच्या कुस्त्या किती खऱ्या, किती ठरवलेल्या, याचा निकाल आता कुठलाच पंच देऊ शकत नाही. पण मोडलेला हात नुरा नसतो. जिला हरवणारा पुरुष मैदानात सापडला नाही, तिला घरात आडवं केलं गेलं, तेही ज्यानं डाव शिकवले त्याच वस्तादाकडून.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. ज्या कल्याणच्या रस्त्यावर हमीदा बानू पदार्थ विकत होत्या, त्याच गावची पोरगी. त्या दिवशी सांगलीत लोकांनी दोघींसाठी टाळ्या वाजवल्या, आणि दगड कुणीही उचलला नाही.