ॲनी अल्बर्स : धाग्यांची चित्रकार

कापड आपण रोज अंगावर घालतो, पण ते निरखून क्वचितच पाहतो. रंग आवडला, पोत मऊ लागला, भाव परवडला की आपले पाहणे संपते. कोणता धागा कोणत्या धाग्याखालून गेला आणि कोठे वळला, याकडे लक्ष देण्याचे आपल्याला कारण पडत नाही. विसाव्या शतकात एका जर्मन स्त्रीने असे कापड विणले, की जे नेसण्यासाठी नव्हते आणि अंथरण्यासाठीही नव्हते. भिंतीवर लावून त्याच्यासमोर उभे राहावे आणि ते चित्रासारखे पाहावे, एवढ्यासाठीच ते विणलेले होते. आज जगभर अनेक कलावंत सूत, लोकर, ताग, दोरखंड यांतून कलाकृती घडवतात आणि त्या कलादालनांत मांडल्या जातात. ही वाट ज्यांनी रुळवली त्यांत ॲनी अल्बर्स यांचे नाव अग्रभागी येते. वास्तविक विणकाम करावे अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

ॲनी यांचा जन्म १२ जून १८९९ रोजी बर्लिन येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव फ्लाइशमान. वडिलांचा फर्निचर तयार करण्याचा व्यवसाय होता. आईचे माहेर जर्मनीतील एका मोठ्या प्रकाशनगृहाचे मालक होते. घरी कशाची वाण नव्हती. कुटुंब मूळचे ज्यू होते, परंतु ॲनींचा बाप्तिस्मा ख्रिस्ती प्रोटेस्टंट पंथानुसार झाला होता. लहानपणी या गोष्टीला काही महत्त्व नव्हते. पुढे तीच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलणारी ठरली.

चित्रकार व्हायचे, हे ॲनींनी लवकरच ठरवले होते. काही वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी वायमार येथील ‘बाउहाउस’ या कलाशाळेत प्रवेश मिळवला. वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या या शाळेत कला आणि कारागिरी यांतील भेद मिटवण्याचा प्रयत्न चालला होता. स्त्री-पुरुष समानतेची भाषाही तेथे बोलली जात होती. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मुलींची रवानगी विणकामाच्या कार्यशाळेत होई. ॲनींना काचकामाच्या कार्यशाळेत जायचे होते. तेथे त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यातच आनुवंशिक विकारामुळे त्यांचे पाय अशक्त होते, त्यामुळे अंगमेहनतीची कामे त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. उरला तो माग. नाराजीनेच त्या मागापाशी बसल्या.

चित्रकार कुंचल्याने हवी तेथे, हवी तशी रेषा ओढू शकतो. विणकराला ही मोकळीक नसते. मागावर ताण्याचे धागे उभे ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा धागा त्यांच्यामधून आडवाच जातो. प्रत्येक रेषा या काटकोनाशी जमवून घ्यावी लागते. ॲनींना आरंभी हे बंधन जाचक वाटले. पण काम करता करता याच बंधनात त्यांना आधार सापडला. सूत काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेऊनच आकृती सुचू द्यायची, ही त्यांची पद्धत झाली. वरून नक्षी चिकटवायची नाही, वीण हीच नक्षी. गुंटा श्टोल्झ्ल या कुशल विणकर स्त्रीकडून त्यांनी तंत्र आत्मसात केले आणि पुढे चित्रकार पाउल क्ले यांच्या वर्गात रंग व आकृतीचा अभ्यास केला. १९२५ मध्ये त्याच शाळेतील कलावंत योझेफ अल्बर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदविकेसाठी त्यांनी केलेले काम विशेष लक्षात राहण्यासारखे आहे. बर्नाऊ येथे कामगार संघटनांच्या शाळेची इमारत बांधली जात होती. तेथील सभागृहात आवाज घुमत असे. ॲनींनी भिंतीसाठी असे कापड तयार केले, की त्याच्या एका बाजूचे लवदार सूत आवाज शोषून घेई आणि दुसऱ्या बाजूला विणलेले सेलोफेन प्रकाश परावर्तित करी. सेलोफेन हा तेव्हा नवा पदार्थ होता. तो मागावर घेण्याची कल्पना धाडसाचीच म्हटली पाहिजे. या कामावर १९३० मध्ये त्यांना पदविका मिळाली. पुढच्याच वर्षी विणकाम विभागाची सूत्रे काही काळ त्यांच्याकडे आली.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. त्यांच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले आणि ज्यू वंशाच्या ॲनींना मायदेशात राहणे धोक्याचे झाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ‘ब्लॅक माउंटन कॉलेज’ ही नवी संस्था नुकतीच सुरू होत होती. वास्तुकलेचे अभ्यासक फिलिप जॉन्सन यांच्या पुढाकाराने अल्बर्स पतिपत्नींना तेथून निमंत्रण आले आणि नोव्हेंबरमध्ये दोघे अमेरिकेत पोहोचले. योझेफ यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते.

या संस्थेत ॲनींनी १९४९ पर्यंत विणकाम शिकवले. यंत्रांनी भरलेल्या देशातील विद्यार्थ्यांना त्या अगदी मुळापासून सुरुवात करायला लावत. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे, दुसरे टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेला, आणि शरीर मागेपुढे झुकवून धागे ताणायचे वा सैल सोडायचे. असा कंबरमाग आपल्याकडे नागालँड, मिझोरम, मणिपूर येथील स्त्रिया आजही चालवतात. ॲनींनी तो शिकून घेतला लॅटिन अमेरिकेकडून. १९३५ पासून त्या आणि योझेफ अनेकदा मेक्सिकोला गेले. तेथील प्राचीन अवशेषांनी आणि पेरू देशातील जुन्या वस्त्रांनी त्यांना भारून टाकले. पेरूच्या प्राचीन लोकांजवळ आपल्या अर्थाने लिपी नव्हती. पण दोरांना गाठी मारून ते नोंदी ठेवत आणि त्यांची वीण अत्यंत प्रगत होती. कापड हीच एक भाषा असू शकते, हा विचार ॲनींच्या मनात येथे पक्का झाला. १९३६ च्या एका पटाला त्यांनी ‘प्राचीन लेखन’ अशा अर्थाचे नाव दिले. विणकामावरील आपला १९६५ चा ग्रंथही त्यांनी पेरूच्या अनाम प्राचीन विणकरांनाच अर्पण केला.

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ॲनींच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. एखाद्या वस्त्रकलावंताला त्या संग्रहालयाने दिलेला हा पहिलाच मान होता. पुढे न्यू हेवन येथे राहून त्यांनी एकीकडे पडदे आणि गाद्यागिरद्यांसाठी कापडाचे आराखडे केले, तर दुसरीकडे आकाराने लहान असे चित्रपट विणले. या दोन्हींत उच्चनीच भाव त्यांनी ठेवला नाही.

न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयाने १९६५ मध्ये, नाझींनी ठार मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ त्यांच्याकडे एक काम सोपवले. ॲनी वेळीच देशाबाहेर पडल्या नसत्या, तर याच साठ लाखांत त्याही असू शकल्या असत्या. त्यांनी सहा अरुंद, पुरुषभर उंचीचे पट विणले. सुती, जवसाचे आणि रुपेरी धागे. रंग काळे, पांढरे, तपकिरी. त्यांवर ना मानवी आकृती आहे, ना कोणाचे नाव. केवळ एक धागा आडवातिडवा, अडखळत जातो. हस्तलिखिताच्या ओळी असाव्यात, पण अक्षर लागू नये, तसे ते दिसते. या कामाला त्यांनी ‘सहा प्रार्थना’ असे नाव दिले.

यानंतर काही वर्षांतच ॲनींनी विणणे थांबवले आणि आपले माग देऊन टाकले. प्रकृती साथ देत नव्हती, आणि ठसेचित्रणात त्यांचे मन रमले होते. अर्थात, त्या चित्रांतही गुंतलेले दोर आणि गाठी पुन्हा पुन्हा दिसतात. ९ मे १९९४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, कनेटिकट राज्यातील ऑरेंज या गावी त्यांचे निधन झाले.

बाउहाउसमध्ये विणलेले त्यांचे काही पट काळाच्या ओघात नष्ट झाले होते. जुन्या आराखड्यांवरून ते पुन्हा विणण्याचे काम १९६० च्या दशकात गुंटा श्टोल्झ्ल यांनी केले. ज्यांनी ॲनींना विणायला शिकवले त्यांच्याच हातून काळा, पांढरा आणि पिवळा अशा तीन रंगांतील एक पट नव्याने मागावर उतरला. संग्रहालयाच्या नोंदीत त्या पटापुढे दोन साले लिहिलेली आहेत : १९२६ आणि १९६५.