रमाबाई रानडे : घरच्या शिकवणीपासून मताच्या हक्कापर्यंत

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मतदानाच्या दिवशी बायकांची रांग लागते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी आपला हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता. इथल्या स्त्रियांना प्रांतिक कौन्सिलसाठी मत देण्याचा हक्क १९२७ मध्ये मिळाला. शेजारच्या मुंबई प्रांताने तो १९२१ मध्येच दिला होता. तिथे या हक्कासाठी पुढे उभ्या राहिलेल्यांत रमाबाई रानडे होत्या. त्यांचे सार्वजनिक काम अनेकांना ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या घराविषयी सांगणार आहोत, कारण त्यांची पहिली लढाई घरातच झाली.

रमाबाई सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या कन्या. माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहाखातर एवढ्या लहान मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती गैर नव्हती. त्यांनी एक मात्र केले. लग्न होताच पाटी-पेन्सिल आणून ते बायकोला स्वतः शिकवू लागले.

इथूनच रमाबाईंची ओढाताण सुरू झाली. घर मोठे, वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. सुनेने पुस्तक हाती धरणे त्यांना पसंत नव्हते. नवऱ्याचे ऐकावे तर घरातल्या बायका दुखावणार, त्यांचे ऐकावे तर नवरा नाराज होणार. सासरी सगळे सोसावे, नवऱ्याकडे कोणाची चहाडी करू नये, अशी ताकीद वडिलांनी निघतानाच दिली होती. ती त्यांनी पाळली. दिवसा घरकाम, रात्री अभ्यास. नाशिकला बदली झाली तेव्हा जरा मोकळीक मिळाली आणि वाचन वाढले.

पुढे त्या पुण्यात एका मिशनरी बाईंकडे इंग्रजी शिकल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले. सभेत कौतुक झाले, घरी टोमणे मिळाले. उलट उत्तर न देता त्यांनी पुढचा धडा घेतला. १८८६ मध्ये रानड्यांच्या कामासाठी दोघे कलकत्त्याला राहिले, तेव्हा दोघांनी मिळून बंगाली शिकायला घेतले. रानडे तर दाढी करणाऱ्या न्हाव्यालाही अडलेले शब्द विचारत.

स्वतःचे मूल त्यांना झाले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले आणि रमाबाई पुण्याला येऊन जवळजवळ वर्षभर एकान्तात राहिल्या. त्यानंतर त्या बाहेर पडल्या त्या कायमच्याच. मुंबईच्या सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन त्यांनी आपल्याच वाड्यात सुरू केले. ज्या घरी सुनेचे वाचन खपत नव्हते, त्याच रानड्यांच्या घरात आता विधवा आणि गरजू स्त्रिया शिकू लागल्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका. १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. घरातल्या या गोष्टी आपल्याला कळतात त्या त्यामुळेच.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिका सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांसाठी करायला निघाली, तेव्हा मुलींनाही ते मिळावे म्हणून रमाबाई बायकांसह पुढे आल्या. त्याच सुमारास मताचा प्रश्न आला. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत द्यायचे की नाही हे प्रांतिक कौन्सिलांवर सोडले होते. रमाबाईंनी मुंबई प्रांतात त्यासाठी चळवळ चालवली आणि १९२१ मध्ये ठराव मंजूर झाला. मत मालमत्तेच्या अटीवर होते, म्हणून ते थोड्याच स्त्रियांना मिळाले. पण स्त्री म्हणून असलेली आडकाठी निघाली. १९२४ मध्ये रमाबाई वारल्या. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले.

कायद्याने हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी रमाबाईंना घरात शिकण्याची मोकळीक मिळवावी लागली, आणि त्यासाठी त्यांची बरीच वर्षे गेली. आपल्या घरांतही हे घडले आहे. कोणाची आजी चौथीनंतर शाळेतून काढली गेली, कोणाची आई लग्नामुळे मॅट्रिकला बसू शकली नाही. सभासदांनी घरातल्या थोरल्या बायकांजवळ बसून या गोष्टी विचाराव्यात आणि लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. रमाबाईंनी लिहिले म्हणून त्यांचे घर आपल्याला कळले. आपल्या आज्यांचे अजून कोणी लिहिलेले नाही.

रमाबाई रानडे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.