शाळाच मुलाच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई

दिवाळीची सुटी संपते न संपते तोच मुंबई-पुण्यातील अनेक घरांत एकच विषय सुरू होतो. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले, आता त्याला कोणत्या बालवाडीत घालायचे? शाळांची नावे काढली जातात, शुल्काचे आकडे विचारले जातात, शेजारच्या मुलाला इंग्रजी कविता किती येतात याची चौकशी होते. गल्लोगल्लीच्या पाट्यांवर ‘मॉन्टेसरी’ हा शब्द दिसतो. तो वाचून पालकांना हायसे वाटते. पण त्या शब्दाचा अर्थ काय, हे आत जाऊन पाहण्याइतकी सवड फार थोड्यांना असते.

लहान मुलासाठी योग्य शाळा कोणती, या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात एका मराठी स्त्रीने आयुष्याची पन्नास वर्षे घालवली. तिचे नाव ताराबाई मोडक. पालक शाळेची निवड करतात तेव्हा मूल त्या शाळेला शोभेल की नाही, याची त्यांना धास्ती असते. ताराबाईंनी हा प्रश्न उलटा केला. शाळा त्या मुलाला शोभते का, हे त्या तपासत राहिल्या आणि जेव्हा जेव्हा उत्तर नकारार्थी आले, तेव्हा तेव्हा त्यांनी शाळाच बदलली.

प्राचार्यपद सोडून बालमंदिरात

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घरात प्रार्थना समाजाचे वातावरण होते आणि मुलींच्या शिक्षणाला घरातूनच प्रोत्साहन होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजता येतील असा तो काळ होता. त्यानंतर त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. मात्र हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. पदरी लहानगी मुलगी होती आणि पुढचे आयुष्य स्वतःच्या बळावर उभे करायचे होते.

त्यांनी काठियावाडची वाट धरली. राजकोट येथील महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. पद मानाचे होते, वेतन चांगले होते, पुढच्या आयुष्याची बेगमी होती. याच सुमारास जवळच्या भावनगर शहरात एक वेगळाच प्रयोग आकार घेत होता. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे शिकवावे या विचाराने त्यांना पछाडले. आसपासच्या शाळांत छडी होती, घोकंपट्टी होती, भीती होती. आपल्या मुलाला अशा शाळेत पाठवायचे नाही, एवढे ठरले आणि शोध घेता घेता ते डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले. बापाच्या काळजीतून सुरू झालेल्या या शोधाने वकिलीवर कायमचा पडदा टाकला.

१९२३ मध्ये ताराबाईही राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मोठ्यांना शिकवण्याच्या पदावरून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसणे ही त्या काळच्या व्यवहारी माणसाला पायउतार वाटावी अशी गोष्ट होती. शिक्षणाची खरी सुरुवात पहिलीच्या वर्गात होत नाही, ती त्याच्या कितीतरी आधी होते, ही खूणगाठ मात्र त्यांनी मनाशी बांधली होती.

मॉन्टेसरीचा देशी अवतार

रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मॉन्टेसरींनी पहिले बालगृह उघडले होते. मुलाच्या उंचीची टेबले-खुर्च्या, स्वतःची चूक स्वतःलाच कळेल अशी साधने, कामाची निवड करण्याचे स्वातंत्र्य आणि शिक्षिकेची निरीक्षकाची भूमिका ही त्या पद्धतीची सूत्रे. दट्ट्यांच्या पेटीत दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक उरतोच. बाईंनी रागावण्याची गरज पडत नाही. मूल पुन्हा पहिल्यापासून मांडते आणि आपणहून शिकते.

भावनगरला ही सूत्रे स्वीकारली गेली, पण डोळे मिटून नव्हे. लहान मुलांना परीकथा व कल्पित गोष्टी सांगण्याबाबत मॉन्टेसरी साशंक होत्या. ज्या देशात आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत मूल मोठे होते, तेथे ही साशंकता गिजुभाई-ताराबाईंना मानवली नाही. त्यांच्या बालमंदिरात गोष्टींना, गाण्यांना, नाट्याला आणि लोकखेळांना मानाचे स्थान मिळाले. शिक्षेबरोबर बक्षिसेही गेली. चढाओढीतून मिळवलेले यश लहान वयात मुलाचे भले करत नाही, असा त्यामागचा विचार होता.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि बालमंदिराचा प्रयोग भावनगरच्या वेशीबाहेर पडला. पालक व शिक्षकांसाठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. तिच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी वाहिली. मुलाचा हट्ट, त्याची भीती, घरातील मारहाण, शिस्तीच्या भ्रामक कल्पना अशा विषयांवर त्यांनी सातत्याने लिहिले. ‘बालकांचा हट्ट’ आणि ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांचा रोख कोणाकडे होता ते सांगतात. शाळा चांगली असून भागत नाही, घरही मुलाला समजून घेणारे हवे, हा त्यांचा आग्रह होता.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. सुशिक्षित मध्यमवर्गाची ही वस्ती. मुलाने लवकर लिहावे, पाढे म्हणावेत ही पालकांची अपेक्षा तेव्हाही होती. शिशुविहारात त्यांना मातीत खेळणारी, पाणी ओतणारी, गाणी म्हणणारी मुले दिसत. हा खेळ हेच या वयाचे शिक्षण आहे, हे पालकांना पटवण्याचे काम मुलांना शिकवण्याहून कठीण होते. शिक्षिका तयार करण्यासाठी त्यांनी प्रशिक्षणाचीही जोड दिली. दादरचा प्रयोग स्थिरावला, नावारूपाला आला. एखाद्याने तेथेच समाधान मानले असते.

बोर्डीचा धडा

मात्र एक प्रश्न पाठ सोडत नव्हता. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्यांच्या मुलांचे काय? महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडन येथे मॉन्टेसरींच्या प्रशिक्षण संस्थेत बोलताना हाच मुद्दा मांडला होता. सान लोरेन्झोच्या गरीब मुलांसाठी जन्मलेली पद्धत भारतात येईपर्यंत सुखवस्तूंची झाली होती. ताराबाईंना हा विरोधाभास बोचत होता.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहान वयात लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा आघातांतून शिकून उभ्या राहिलेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. त्या आल्या आणि ताराबाईंच्या अखेरपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, या कामाशी एकरूप झाल्या.

बोर्डीत साधने बदलली. शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, दगडगोटे, बांबूचे तुकडे आणि माती. परदेशी साधनांनी जे साधते ते गावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी साधता येते. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शंखशिंपल्यांनाही असतातच. खर्चाचा प्रश्न असा सुटला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला. बालवाडी सर्वांसाठी खुली होती, तरी दलित वस्तीतील मुले येत नव्हती. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाची आई पहाटेच मजुरीला गेलेली होती, कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता, आणि स्पृश्यास्पृश्यतेची भिंत तर होतीच. पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे ठरले आणि कार्यकर्त्या साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना हाक मारायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. आया दारातून पाहत. पाहता पाहता त्याही शिकत. अंगणवाडी जन्माला आली ती अशी.

कोसबाडच्या टेकडीवर

१९५६-५७ च्या सुमारास, पासष्टीच्या उंबरठ्यावर, ताराबाईंनी पुन्हा मुक्काम हलवला. बोर्डीपासून जवळच असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम गेले. भोवती वारली आणि अन्य आदिवासींचे पाडे. याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या दडपणाखाली राहिलेल्या या समाजात शाळा ही परक्यांची वस्तू होती.

येथे अंगणही पुरेसे ठरेना. सहा-सात वर्षांची मुले गुरे घेऊन रानात जात. कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले शिकू लागली. तिचे नाव कुरणशाळा. ज्यांना दिवसा काम चुकत नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्याचा विकासवाडीचा प्रयोगही येथलाच. तान्हे भावंड पाळणाघरात सुखरूप राहिले की त्याला सांभाळणारी ताई आपसूक वर्गात बसते, हे त्यामागचे साधे पण अचूक गणित होते. मुलीची शाळा का सुटते याचे उत्तर अनेकदा तिच्या कडेवर असते, हे कोसबाडने ओळखले.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की मारिया मॉन्टेसरींचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत चालवले.

अंगणवाडीचे पुढे काय झाले?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे तेथे होतात आणि ती मोलाची आहेत. मात्र ज्या खेळातून शिक्षणासाठी ताराबाईंनी वस्तीतले अंगण झाडले, ते शिक्षण आहार आणि नोंदवह्यांच्या ओझ्याखाली अनेक ठिकाणी मागे पडले. सेविकेच्या हाती वेतनाऐवजी मानधन आले. सरकारी योजनेने नाव घेतले, व्याप्ती दिली. आत्म्याची जपणूक तेवढ्या निगुतीने झाली नाही.

शहरात उलट घडले. तेथे पैसा आहे, साधने आहेत, पण मूल पुन्हा शाळेला शोभावे लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि शालेय प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास त्याने मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळावर भर दिला. ताराबाई जे दादर, बोर्डी आणि कोसबाडला करून दाखवत होत्या, ते धोरणाच्या कागदावर यायला इतकी वर्षे लागली.

यंदा प्रवेशाच्या धावपळीत असलेल्या आईबापांना या चरित्रातून काही साध्या कसोट्या मिळतात. शाळा घराजवळ आहे का? तेथे मुलाला घरची भाषा बोलता येते का? साधने काचेच्या कपाटात आहेत की मुलांच्या हातात? शिक्षिका मुलांकडे पाहतात की केवळ मुलांना बोलतात? भीती आणि चढाओढ यांना तेथे जागा आहे का? आणि एखादे मूल रमले नाही, तर शाळा त्याला नावे ठेवते की स्वतःत काही बदल करते?

शेवटची कसोटी सर्वांत कठीण. दादर, बोर्डी, कोसबाड या प्रत्येक मुक्कामी ताराबाईंची परीक्षा तीच होती. न आलेल्या मुलासाठी त्या दर वेळी आणखी थोड्या पुढे चालत गेल्या.