कृष्णाजी हौलाजी आरा

कृष्णाजी हौलाजी आरा (१६ एप्रिल १९१४ – ३० जून १९८५) हे आधुनिक भारतीय चित्रकार आणि मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक होते. के. एच. आरा या नावाने ते ओळखले जातात. हैदराबाद संस्थानातून लहानपणी मुंबईत आलेल्या आरांनी अनेक वर्षे घरगडी व मोटारी धुणारा कामगार म्हणून पोट भरले. वस्तुचित्रे आणि अनावृत स्त्रीदेहाची चित्रे यांसाठी त्यांची विशेष ख्याती आहे.

पूर्वायुष्य

आरांचा जन्म सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. वडील मोटारचालक होते. कृष्णाजी तीन वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि वडिलांनी दुसरा विवाह केला. लहानग्या कृष्णाजींचे मन घरात रमले नाही. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास ते घरातून पळून मुंबईस आले. मोटारी पुसणे, धुणे हे त्यांचे तेथील पहिले काम. पुढे वडीलही गेले आणि परतण्यासारखे घर उरले नाही. मग एका इंग्रज कुटुंबात ते घरगडी म्हणून राहिले. घरकाम आटोपल्यावर मिळेल त्या वेळात चित्रे काढण्याचा त्यांचा परिपाठ तेव्हापासूनचा.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना सुमारे पाच महिन्यांचा कारावास घडला. त्या वेळी ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. सुटकेनंतर एका जपानी कंपनीत मोटारी धुण्याचे काम त्यांना मिळाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर तोही आधार संपला; मात्र राहण्याची लहानशी खोली टिकली आणि तीच त्यांची चित्रशाळा झाली.

चित्रकलेकडे

कलाशाळेचे रीतसर शिक्षण आरांना लाभले नाही. केतकर यांच्या कलावर्गातील काही काळाचे धडे सोडल्यास ते स्वयंशिक्षितच म्हणावे लागतील. त्यांचे गुण प्रथम हेरले ते टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांनी. त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक, ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनीही त्यांना उत्तेजन दिले. नाझी राजवटीच्या छायेतून निसटून मुंबईत स्थिरावलेल्या युरोपीय कलारसिकांचे एक लहान वर्तुळ त्या काळी शहरात होते. तरुण चित्रकारांना तेथे युरोपातील नव्या कलेची ओळख होत असे आणि त्यांच्या चित्रांना गिऱ्हाईकही मिळत असे. परमुलखातून आलेल्या या मंडळींनी परगावाहून आलेल्या एका घरगड्यातला चित्रकार ओळखावा, हा योग मुंबईसारख्या शहरातच जुळून यावा.

१९४२ साली आरांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत भरले व ते यशस्वी ठरले. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप

स्वातंत्र्याच्या मिरवणुकीवर आरांनी काढलेले एक भव्य चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीने प्रदर्शनासाठी नाकारले. या नकारातूनच नवा गट उभारण्याची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा आणि आरा या तिघांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची मुहूर्तमेढ रोवली. मग प्रत्येकाने एकेक सहकारी आणला. सूझांनी मकबूल फिदा हुसेन यांना, रझांनी हरी अंबादास गाडे यांना, तर आरांनी शिल्पकार सदानंद बाक्रे यांना. सहा जणांच्या या गटाचे मुंबईतील प्रदर्शन १९४९ साली मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले.

गटाचे एकत्रित आयुष्य अल्प ठरले. सूझा लंडनला, रझा पॅरिसला गेले. काही काळाने बाक्रे यांनीही लंडनची वाट धरली. आरा मुंबईतच राहिले. परदेशी गेलेल्या सहकाऱ्यांच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव पुढे काहीसे मागे पडले, आणि सहा जणांची नावे घेताना आजही ते बहुधा शेवटी घेतले जाते. गटाच्या जन्मकथेशी त्यांचा असलेला संबंध पाहता हे न्याय्य वाटत नाही.

चित्रविशेष

आरंभीच्या काळात आरांनी मराठ्यांच्या लढाया, निसर्गदृश्ये, सामाजिक प्रसंग असे नाना विषय हाताळले. त्यांची खरी ओळख मात्र फुलदाण्या, सुरया, फळे व भांडी यांच्या चित्रांतून झाली. जलरंग आणि अपारदर्शक जलरंग ते इतके दाट लावीत की पाहणाऱ्यास तैलरंगाचा भास व्हावा. त्यांच्या वस्तुचित्रांवर फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांचा प्रभाव सांगितला जातो. तो आहेच, परंतु दिवाणखान्यातील ज्या वस्तू पाहुण्यांच्या नजरेस केवळ शोभेच्या वाटतात, त्या रोज पुसून जागच्या जागी ठेवणाऱ्या हाताला त्यांचे वजन आणि घाट वेगळ्या रीतीने कळत असतात. आरांच्या सुरया टेबलावर ठाम बसलेल्या असतात, फुले गच्च भरलेली असतात आणि त्यांत नाजूकपणाचा आव नसतो. यामागे ती जुनी नोकरी असावी, असे मानण्यास जागा आहे. 'टू जग्ज' या अशाच चित्रासाठी १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

अनावृत स्त्रीदेह हा विषय सातत्याने व गांभीर्याने हाताळणाऱ्या आरंभीच्या आधुनिक भारतीय चित्रकारांत त्यांची गणना होते. १९६३ साली त्यांची 'ब्लॅक न्यूड' ही चित्रमालिका मुंबईत प्रदर्शित झाली.

उत्तरायुष्य

काळा घोडा परिसरातील आर्टिस्ट्स सेंटरचे ते सचिव होते. होतकरू चित्रकारांना मदत करण्यात त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग गेला. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळावरही त्यांनी काम केले. ज्या संस्थेने एके काळी त्यांचे चित्र परत पाठवले होते, तीच ही संस्था. ललित कला अकादमीने त्यांना अधिछात्रवृत्तीचा सन्मान दिला.

३० जून १९८५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तसेच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत.