पेशव्याच्या खुनाचा तपास केला आणि थेट नव्या पेशव्यालाच दोषी धरलं, असे होते रामशास्त्री प्रभुणे

एखादं मोठं खून प्रकरण घडलं की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. संध्याकाळपर्यंत आरोपी ठरलेला असतो, रात्री त्याच्यावर रील्स येतात आणि दुसऱ्या दिवशी फाशीची मागणी ट्रेंडिंगला असते. पुरावा काय, तपास कुठवर आला, याच्याशी फारसं कुणाला देणंघेणं नसतं.

पण अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात असा एक खून झाला होता ज्यात उलटाच प्रॉब्लेम होता. आरोपी कोण हे सगळ्या शहराला माहीत होतं, पण तोच गादीवर बसला होता. त्याचं नाव घेणार कोण?

ते नाव घेतलं रामशास्त्री प्रभुणे यांनी.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावरचं हे गाव. त्यांच्या लहानपणाची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी, की विशीपर्यंत त्यांचं काही शिक्षण झालं नव्हतं आणि ते साताऱ्यात एका सावकाराकडे शागीर्द म्हणून कामाला होते. एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांवर गेली आणि पाण्याची धार भलतीकडेच पडली. असले मोती मिळवायला विद्या लागते, असा टोमणा सावकाराने मारला. तो त्यांना इतका लागला की त्यांनी काम सोडलं आणि थेट काशी गाठली.

आता ही गोष्ट जशीच्या तशी घडली का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. थोर माणसांच्या बालपणात असा एखादा टोमणा असतोच. पण काशीला जाऊन ते धर्मशास्त्र शिकून आले हे नक्की. १७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या नोकरीत लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

त्यांचा खरा काळ म्हणजे थोरल्या माधवरावांचा. पेशवा वयाने लहान आणि शास्त्री ज्येष्ठ. माधवराव जपजाप्यात जास्तच रमायला लागले तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. शास्त्री कामासाठी वाड्यावर गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्री परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागायला हजर. माधवरावांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, की पूजाअर्चाच करायची असेल तर राज्य सोडून आपण दोघंही गंगेकाठी जाऊ, आणि राज्य करायचं असेल तर लोकांची गाऱ्हाणी ऐकणं हीच पूजा समजा. माधवरावांनी ऐकलं.

घरात एका दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त काही साठवायचं नाही असा त्यांचा नियम होता म्हणतात. हे वरवर साधेपणाचं कौतुक वाटतं, पण पुढे जे घडलं त्यात याचा मोठा हात असावा असं मला वाटतं. ज्याचं फार काही अडकलेलं नसतं, त्याला राजीनामा देणं सोपं जातं.

१७७२ च्या नोव्हेंबरमध्ये थेऊरला माधवराव गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. भर दुपारी गारदी, म्हणजे वाड्यावरचे पगारी शिपाई, थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसले. सुमेरसिंग गारदी सगळ्यात पुढे. १८ वर्षांचे नारायणराव जीव वाचवायला काकांकडेच धावले आणि काकांच्या समोरच मारले गेले. त्यांना वाचवायला मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मेला. त्यानंतर कारभार कुणाच्या हातात गेला? काकांच्याच.

इथून रामशास्त्रींचं काम सुरू झालं. विचार करा, पोलीस नाहीत, वरचं कोर्ट नाही, ज्याच्यावर संशय तोच मालक. मारेकऱ्यांच्या हातात तलवारी आणि पाठीशी नवा पेशवा. तरी त्यांनी घाई केली नाही. बाजारात काय बोललं जातंय यावर निकाल दिला नाही. सुमारे दीड महिना माहिती गोळा केली. या कटात पन्नासच्या आसपास लोकांची नावं पुढे आली. आणि मग हाती लागला सगळ्यात मोठा पुरावा. राघोबांनी महंमद यूसुफ या गारद्याला दिलेला हुकूम.

राघोबांचं म्हणणं होतं की हुकूम फक्त धरायचा होता, मारायचा नाही. धरावे या शब्दाचं मारावे कुणीतरी नंतर केलं. ही नुसती सारवासारव नव्हती. आजच्या कोर्टातही याच मुद्द्यावर तासन्‌तास युक्तिवाद होईल. शास्त्रींनी त्यांचं म्हणणं ऐकलं. पण पेशव्याला धरायचा हुकूम दिल्याचं तर राघोबांनीच कबूल केलं होतं, आणि त्याच हुकमातून पुढे खून झाला होता.

राघोबांनी विचारलं, प्रायश्चित्त काय? शास्त्रींनी सांगितलं, देहान्त. आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही, हेही सुनावलं.

सिनेमात आणि नाटकात हा प्रसंग भरल्या दरबारात होतो. १९४४ च्या प्रभातच्या रामशास्त्री सिनेमानेही ही गोष्ट घराघरात नेली. पण नीट बघितलं तर शास्त्रींकडे ही शिक्षा अंमलात आणायला एक शिपाईही नव्हता. प्रायश्चित्त सांगणं आणि नोकरी सोडणं, एवढंच हातात होतं. त्यांनी दोन्ही केलं आणि वाईजवळच्या एका गावात जाऊन राहिले.

पुढे? राघोबांना देहान्त झालाच नाही. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान रचलं, एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला आणि राघोबांची गादी गेली. ते इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, त्यातून मराठे आणि इंग्रजांचं पहिलं युद्ध पेटलं. १७८३ मध्ये ते कोपरगावला नैसर्गिक मृत्यूने वारले. हुकूम पाळणाऱ्या गारद्यांपैकी काहींना मात्र पकडून ठार केलं गेलं.

या सगळ्यात एक नाव राहिलं, राघोबांच्या पत्नी आनंदीबाई. ध चा मा त्यांनीच केला हे आपण शाळेपासून ऐकतो, त्याचा वाक्प्रचारही झाला. पण त्यांच्यावर कधी खटला चालला नाही. त्यांच्याविरुद्ध जे आहे ते तेव्हाच्या लोकांमध्ये पसरलेलं मत. राघोबांना निदान आपली बाजू मांडता आली, रामशास्त्रींनी ती ऐकून मग ठपका ठेवला. आनंदीबाईंना ती संधी कुणी दिली नाही आणि शिक्षा मात्र अडीचशे वर्षं चालू आहे.

राघोबा गेल्यावर कारभाऱ्यांनी रामशास्त्रींना परत बोलावलं. ते पुण्यात आले, पुन्हा न्यायाधीशाच्या जागेवर बसले आणि १७८९ मध्ये वारले तोपर्यंत तेच काम करत राहिले.